उजव्या हाताचा फर्मा

प्रिय डावरे,

तुझा फोटो पोचला. रविवारी ट्रेनिंगमध्ये तुम्हाला फोन हातात मिळतो तो जेमतेम, त्यात तू स्वतः शिवलेल्या, पिस्तूल ठेवायच्या पहिल्या होल्स्टरचा फोटो पाठवलास, नवशिक्याने काय काय सांभाळायचं ते कळव म्हणालीस, आणि जाता जाता खाली विचारलंस, दीक्षान्त संचलनाला बाबा येतील का. होल्स्टरचं मला सांगता येतं, म्हणून पत्र लिहायला बसले. बाबांचं मी काय सांगणार? तू पोलिसात गेलीस त्या दिवसापासून आपल्या चामडीकामाच्या दुकानात तुझा विषय बंद आहे. मी काढला तर दादा, तुझा बाप, हातोडी जोरात आपटायला लागतो.

आज मात्र त्याचं चित्त ठिकाणावर नाही. फोनवर तो फोटो उघडून मी मुद्दाम कामाच्या टेबलावर ठेवला होता. दादाने आधी बघितलंच नाही. मग चष्मा शोधायच्या निमित्ताने बघितलं. मग चष्मा डोळ्यावर असताना पुन्हा शोधायला आला. आता मी लिहितेय आणि तो माझ्या मागून येरझाऱ्या घालतोय. आरीचा डबा या फळीवरून त्या फळीवर, तिथून परत इथे. बस म्हटलं तर म्हणतो, बसलोच आहे की.

तर ऐक. पहिलं म्हणजे चामडं. तू घेतलंयस ते पर्सचं आहे, फोटोतसुद्धा कळतं. मऊ, गुळगुळीत, हातात धरायला छान आणि होल्स्टरला काडीच्याही उपयोगाचं नाही. झाडाच्या सालीच्या पाण्यात कमावलेलं, कडक, जाड चामडं घे. मऊ चामड्याचं तोंड पिस्तूल काढलं की मिटतं. परत घालताना एक हात तोंड उघडण्यात अडकतो, आणि मिटलेली कड आत दुमडून चापावर दाबली गेली तर मांडीत गोळी जाते. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाहीये. दादाने आत्ता मागून सांगितलं, "ठळक लिही ते," म्हणून लिहिलं. म्हणजे बघ, येरझाऱ्या घालताना वाचणंही चाललंय.

चामडं रापीने कापायच्या आधी पुठ्ठ्याचा फर्मा कर. पिस्तुलाभोवती तो दुमडून बघ आणि शिवणीसाठी कड सढळ सोड, कारण पुठ्ठा पातळ असतो आणि चामडं आपल्या जाडीत बरीच जागा खातं. नवशिके इथेच हात आखडतात, आणि मग पिस्तूल अर्ध्यात अडकतं. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, बोट बाहेरून शिरता कामा नये. आणि पिस्तूल रिकामं आहे ना, हे दर वेळी उघडून बघायचं. मघाशी बघितलं होतं, हे चालणार नाही.

शिवणीला भोकं आधी आखून घे, आरी सरळ धर, नाहीतर मागची ओळ दारू प्यायल्यासारखी चालते. तुझी चालली आहे. एकाच मेणलेल्या दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर. एक टाका तुटला तरी दुसरी बाजू धरून ठेवते. हे तुला येतं, लहानपणी माझ्या मांडीवर बसून शिकलीस. तेव्हाही डाव्या हाताने आरी धरायचीस, आणि दादा म्हणायचा, राहू दे, तिचा हात तिला माहीत.

इथे मी थांबले होते, कारण दादाने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. फोटो मोठा केला, तोंडाजवळ नेला आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तुझ्याबद्दल बोलला. "अगं, हे उजव्या हाताचं आहे."

मी बघितलं तर खरंच. डावरे, तू स्वतःच्या कमरेसाठी उजव्या हाताचं होल्स्टर शिवलंस! मला आधी हसू आलं. बाहेरच्या कुणी ही चूक केली नसती, त्याने आधी आपली कंबर बघितली असती. पण तू ज्या भिंतीखाली रांगलीस, तिथे बाबांचे सगळे फर्मे उजव्याच हाताचे टांगलेले. डोळे मिटून तू तेच आखलंस. फर्मा नुसता पालथा घातला असतास तरी झालं असतं. मी हे दादाला म्हटलं आणि वर बघितलं, तर तो हसत नव्हता. इतक्या रागावलेल्या बापाचा फर्मा पोरीने पाठ ठेवला, हे त्याला झेपलं नसावं. भिंतीवरचा एकेक फर्मा बोटाने हलवत गेला. मग म्हणाला, "आयुष्यभर ही होल्स्टरं शिवली गं. कुणाच्या कमरेला जाणार, कुणाचं पोर आहे, कधी विचारलं नाही." एवढंच. मला रडू आलं. मी चहा टाकायला उठले.

परत आले तर त्याने सगळ्यात चांगलं चामडं पसरलं होतं, जे गिऱ्हाइकांना दाखवतही नाही ते. एक फर्मा खाली उतरवला, पालथा घातला आणि कडेने आखायला लागला. डाव्या हाताचं होल्स्टर या दुकानात पहिल्यांदाच होतंय. दोनदा आखलं, दोनदा पुसलं. मला सारखा विचारतोय, ती पट्टा जरा वर बांधते ना? मी काय सांगू, तुझा गणवेश मी तरी कुठे बघितलाय? आता शिवायला बसलाय, पण बसणं कसलं, दर दोन टाक्यांनी उठतो आणि दाराशी जाऊन येतो.

राहिलं शेवटचं काम, तेच सगळ्यात नाजूक. शिवून झालेलं होल्स्टर कोमट पाण्यात बुडवायचं, बुडबुडे थांबले की काढायचं. पिस्तूल प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत घालायचं आणि मग अंगठ्यांनी दाबत दाबत त्याचा आकार चामड्यावर उठवायचा. चापाभोवती जास्त दाबायचं. उन्हात किंवा शेगडीपाशी वाळवायचं नाही, तडकतं. सावलीत आपलं आपण वाळू द्यायचं. याला यंत्र नाही, अंगठेच लागतात. मी दादाला म्हटलं, शिवून झालं की पार्सल करू, हे शेवटचं तिचं ती करेल, मी पत्रात सगळं लिहिलंय. तर माझ्यावरच खेकसला. "चामडं जाईल गं टपालाने. माझे अंगठे कसे जाणार?" म्हणून हे पत्र घाईघाईने आजच टाकतेय. गेटवर दोघांची नावं देऊन ठेव. आणि संचलन झालं की लगेच लागेल, कोमट पाण्याची बादली तयार ठेव.

वाट बघणारी तुझीच,
आत्या