खिडकीत बसणारी बाई मी नव्हे

४ फेब्रुवारी
एप्रिलमध्ये सगळ्यांनी मिळून क्रूझवर जायचं, असं आज जेवताना जाहीर झालं. सगळे म्हणजे मी, हे, मुलगा, सून, नात आणि ह्यांची थोरली बहीण. नणंदबाईंना कोणी बोलावलं ते मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारून मनस्ताप विकत घेऊ नये.

जहाज एकच, मार्ग दोन. एक 'सीनिक': डोंगरांमधल्या खाड्या, धबधबे, सूर्यास्त. दुसरा 'हिस्टॉरिकल': जुनी बंदरं, दोन किल्ले, पडके बुरूज. यातला एक निवडायचा म्हणे. जिने हयातभर शाळेत इतिहास शिकवला, तिच्या घरात हा प्रश्न पडतोच कसा?

सून म्हणाली, आई, पहिल्या मार्गावर बसल्या जागी सगळं दिसतं हो, अगदी खिडकीतून. मी म्हटलं, बसल्या जागी मला आपल्या खिडकीतून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात, त्यासाठी समुद्रात कशाला जायला हवं? मुलगा पाणी पिऊ लागला. लहानपणीही उत्तर येत नसलं की पाणीच प्यायचा.

निश्चय: इतिहास. नो कॉम्प्रोमाइज.

६ फेब्रुवारी
सुनेने फोनवर ग्रुप काढून मतदान घेतलं. सीनिक सहा, हिस्टॉरिकल शून्य.

शून्य! म्हणजे माझं मत कुणीतरी खाल्लं. तडक स्वयंपाकघरात जाऊन जाब विचारला. नातीने माझा फोन घेतला आणि दाखवलं की आजी, तूच सीनिकवर बोट ठेवलंयस. शक्य नाही. चष्मा डोक्यावर होता हे मान्य. पण म्हणून माझं बोट माझ्याविरुद्ध मत देईल? यंत्रणाच सदोष आहे. निवडणूक रद्द. आता चिठ्ठ्या, आणि त्याही माझं भाषण झाल्यावर.

ह्यांचंही मत सीनिकलाच होतं. विचारलं तर शब्दकोड्यातून मान वर न काढता म्हणाले, मला समुद्र आवडतो. इतक्या वर्षांत समुद्राबद्दल चकार शब्द काढला नव्हता!

९ फेब्रुवारी
भाषणाची तयारी. पहिल्या बंदराजवळच्या टेकडीवर जो किल्ला आहे, तिथली राणी फार थोर बाई. शत्रूने वेढा घातला, दाणापाणी तोडलं, तहाचे निरोप वर पाठवले. सरदार म्हणाले, खाली चला. ती म्हणाली, ज्याला भेटायचंय त्याने वर यावं. शेवटपर्यंत खाली उतरली नाही. अशा बाईला भेटायला वर जायचं सोडून धबधबे बघायचे? पाणी वरून खाली पडतं. त्यात बघण्यासारखं काय आहे?

१० फेब्रुवारी, सकाळी
किल्ला चढायचा म्हणजे सराव हवा. आजपासून लिफ्ट बंद. रोज जिन्याने खाली, जिन्याने वर.

१० फेब्रुवारी, दुपारी
जिन्याने खाली गेले. झकास. वर येताना लिफ्टने आले, कारण पायात घरातली चप्पल होती आणि ती झिजवण्यात अर्थ नाही. उद्या बूट.

११ फेब्रुवारी
बूट घातले. पहिल्या मजल्यावर डॉक्टर भेटला. माझाच विद्यार्थी. मी कठड्यापाशी जरा जिन्याचं बांधकाम न्याहाळत उभी होते, तर म्हणाला, बाई, उजव्या गुडघ्यातली गादी झिजली आहे, किती वेळा सांगू? हात धरून वर सोडू का? एका शतकातला राजा दुसऱ्या शतकात नेऊन बसवायचा हा, तो आता माझ्या गुडघ्याचं वय सांगणार! मी म्हटलं, तू आधी तुझ्या पाटीवरचं अक्षर सुधार. तो हसला. पूर्वीही ओरडलं की असाच निर्लज्जासारखा हसायचा.

लिफ्टने वर आले. त्याच्या तावडीतून सुटायला दुसरा मार्ग नव्हता.

१५ फेब्रुवारी
भाषण झालं. नणंदबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं, नंतर कुरकूर नको. त्या आपली घडीची जांभळी काठी टेकत आल्या. ती काठी त्या अशी मिरवतात जणू बक्षीस मिळालंय. त्यांना मैत्रिणीकडे जायचं असो की बँकेत, काठी ठकठक करत पुढे आणि नणंदबाई मागे. मला असलं जमत नाही. आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, लेडीज डू नॉट लीन. टेकायचं नाही. ना भिंतीला, ना बाकाला, ना कुणाच्या खांद्याला. मी आजही टेकत नाही.

भाषण अप्रतिम झालं. राणीच्या शेवटच्या प्रसंगाला सुनेने डोळे पुसले. (नंतर म्हणाली कांदा चिरला होता. असू दे.)

चिठ्ठ्या मोजल्या. सीनिक पाच, हिस्टॉरिकल एक.

मी म्हटलं, तुम्ही सगळे आळशी, अडाणी आणि कृतघ्न आहात. माझ्याच घरात इतिहासाचा एवढा द्वेष! तेव्हा नात उठली आणि म्हणाली, द्वेष कसला आजी, आम्हाला सगळ्यांना किल्लाच बघायचाय. तुझा गुडघा दुखतो म्हणून आम्ही सीनिक म्हणतोय. आईनेच सांगितलं, तुला कळू द्यायचं नाही म्हणून.

सून म्हणाली, अगं! मुलगा पाणी प्यायला.

म्हणजे दया. माझ्यावर! पाच जणांनी कट करून!

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी
दुपारचं अर्धंच लिहून उठावं लागलं, कारण तातडीने प्रात्यक्षिक द्यायचं होतं. सगळ्यांना जिन्यात उभं केलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत खालून दोन मजले चढून दाखवले. कठडा धरला नाही. दुसऱ्या मजल्यावर मात्र थांबले, कारण तिथल्या शेजारणीशी बरेच दिवस बोलणं झालं नव्हतं. तिने खुर्ची दिली, मी नाही म्हणायला तिच्यावर रागावले नव्हते. फार गप्पिष्ट बाई. तासभर उठूच देईना. सगळे वाट बघून घरी गेले.

परत चिठ्ठ्या. हिस्टॉरिकल पाच, सीनिक एक. विजय! सत्य बोललं की लोक ऐकतात.

ते एक मत ह्यांचं. चिठ्ठीवरचं अक्षर शब्दकोड्यातल्या चौकोनांसारखं होतं, सुटं सुटं. घरभेदी.

१६ फेब्रुवारी
अंथरुणात. हवा बदलली आहे. सगळीकडे साथ आहे म्हणतात.

१७ फेब्रुवारी
अजून साथ. हे शेकायची पिशवी घेऊन आले. मी म्हटलं, घरभेद्यांकडून मला काही नको. पिशवी ठेवून गेले. वाया जाऊ नये म्हणून वापरली.

२० मार्च
सरावात थोडा खंड पडला. पण सरावाचा अतिरेक वाईट, हे खेळाडूही मान्य करतात. रोज संध्याकाळी खुर्चीत बसून मनातल्या मनात किल्ला चढते. चांगला वेग आला आहे.

नणंदबाई रोज बागेत फेऱ्या मारतात म्हणे. काठी घेऊन. त्याला चालणं म्हणत नाहीत.

८ एप्रिल
सामान भरलं. माझ्या बॅगेच्या तळाशी एक घडीची काठी सापडली, निळी. नणंदबाईंची जादा काठी असणार. एका माणसाला दोन काठ्या, आणि ओझं माझ्या बॅगेत! सुनेला दाखवली, तर ती म्हणाली, राहू द्या आई, बॅगेत जागा आहे. तिला कुणाला नाही म्हणता येत नाही, त्यात तिचं कायमचं नुकसान होणार आहे.

१२ एप्रिल
जहाज मोठं आहे. फार मोठं आहे. खोलीपासून जेवणघरापर्यंतचा व्हरांडा इतका लांब की वाटेत शाळेच्या चार इमारती मावतील. जागोजाग खुर्च्या मात्र ठेवल्या आहेत. मी प्रत्येक खुर्चीवर बसून पाहिलं. पैसे भरलेत तर सोयींची तपासणी केली पाहिजे.

खोलीला खिडकी आहे. तिच्याकडे पाठ करून बसले. तत्त्व म्हणजे तत्त्व.

उद्या किल्ला. सगळ्यांना ताकीद दिली आहे की वाटाड्या घ्यायचा नाही. ते लोक सनावळीत थापा मारतात. माहिती मी सांगेन. नणंदबाई म्हणाल्या, वहिनी, दम लागला तर माझी काठी घे हो. मी म्हटलं, नणंदबाई, दम तुम्हाला लागेल तेव्हा माझा हात धरा.

१३ एप्रिल, सकाळी
जहाजाच्या शिडीवरून धक्क्यावर उतरले. टेकडी समोर. किल्ला अगदी पुस्तकातल्यासारखा. ऊर भरून आला.

पायऱ्या सुरू होतात तिथवर गेले. चांगल्या पाच-सहा चढले. मग लक्षात आलं की खोलीतल्या तिजोरीची किल्ली नीट लावली की नाही, आठवत नाही. आपलं सगळं त्यात. बेजबाबदार कुटुंब, कुणाला फिकीर नाही. मीच म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, जहाजावर कुणीतरी जबाबदार माणूस हवं. मुलगा म्हणाला, आई, मी थांबतो. सून म्हणाली, मी थांबते. नात म्हणाली, आपण सगळेच परत जाऊ. मी असा आवाज चढवला की धक्क्यावरचे पक्षी उडाले. इतक्या लांब येऊन माझ्यामुळे राणी चुकली तर मी ऐकून घेणार नाही. निघा!

तेव्हा मुकाट्याने निघाले. सगळ्यांत पुढे नणंदबाई. ठक, ठक, ठक.

हे मात्र माझ्याबरोबर परत आले. म्हणाले, शब्दकोडं राहिलंय.

तिजोरी व्यवस्थित बंद होती. पण खात्री केलेली बरी.

१३ एप्रिल, दुपारी
इतिहास थांबत नाही! मार्ग काढला. खोलीच्या खिडकीतून किल्ला लख्ख दिसतो. (पडदा उघडला. अभ्यासासाठी खिडकी चालते.) नणंदबाईंना फोन लावला. बाकीच्यांचे फोन फोटो काढण्यात गुंतणार, त्यांचा तेवढा मोकळा. त्यांनी उचलला, हं वहिनी म्हणाल्या, आणि मी सुरुवात केली. डावीकडचा बुरूज, मग दरवाजा, मग पाण्याची टाकी, मग वेढा. सबंध व्याख्यान दिलं. राणीचं उत्तर तर खिडकीशी उभं राहून, हात वर करून म्हटलं.

कुणी मध्ये एक शब्द बोललं नाही. एवढी शिस्त मला शेवटच्या दहा वर्षांत एकाही वर्गात मिळाली नव्हती. नातीनेसुद्धा चूं केलं नाही. म्हटलं ना, रक्तात असतं.

१३ एप्रिल, संध्याकाळी
मंडळी परतली. उन्हाने लाल, पण खूश. मी सहज विचारलं, कसं वाटलं व्याख्यान? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नणंदबाईंनी पर्स उघडली आणि म्हणाल्या, अगं बाई, फोन! तू हॅलो म्हणालीस आणि मला चढायला दोन्ही हात लागले, म्हणून मी तो पर्समध्ये टाकला. आणि बंद करायचाच राहिला की गं वहिनी!

म्हणजे वेढ्यापासून राणीपर्यंत सगळं त्यांच्या रुमालाने आणि औषधाच्या गोळ्यांनी ऐकलं.

नात म्हणाली, आजी, आम्ही वाटाड्या घेतला, पण तो फारच छान होता, आणि आत्याआजी टोकापर्यंत चढली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाटाड्याने राणीचा मुलगा तिचा भाऊ म्हणून सांगितला. मी चूक दुरुस्त केली. मुलगा पाणी प्यायला. सुनेने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी काही टेकले नाही, पण सरकलेही नाही.

१४ एप्रिल, सकाळी
दुसरा किल्ला. मंडळी गेली. आज कोणी काही विचारलं नाही, मीही तिजोरीचं नाव काढलं नाही.

ऊन डोळ्यांवर येत होतं आणि पडदा वर गजाला अडकला होता. हात पुरेना. बॅगेच्या तळाची ती निळी काठी काढली. पडद्यासाठी उत्तम आहे. मग हातातच होती म्हणून डेकपर्यंत घेऊन गेले. वाटेतल्या एकाही खुर्चीची तपासणी करावी लागली नाही. काठीच्या मुठीखाली माझ्या नावाचा छोटा कागद चिकटवला आहे, सुनेच्या अक्षरात. सामानाची गफलत झाली असणार.

हे डेकवर आधीच बसले होते, शेजारची खुर्ची धरून. शब्दकोडं घडी करून खिशात होतं. किनारा, पाणी, मागे डोंगर. देखावा बरा आहे. त्याहून जास्त काही म्हणणार नाही.

हे म्हणाले, काल तू फोनवर सांगत होतीस ते मी सगळं ऐकलं. एकच शंका आहे. मी म्हटलं, विचारा. निदान एक तरी विद्यार्थी.

म्हणाले, ती राणी शेवटपर्यंत खाली उतरली नाही, तिचे गुडघे दुखत होते का?

ह्यांना इतिहासात कधीच गती नव्हती. उद्यासाठीही ह्याच दोन खुर्च्या धरून ठेवायला सांगितलं आहे. रांगेच्या टोकाच्या नकोत. तिथून देखावा नीट दिसत नाही.