गाडीखाली एक थेंब नव्हता

चोंग-बुलाक, ४ सप्टेंबर १९९७

ती. थोरले भाऊजी यांस,
साल्किनचा सलाम. वि. वि.

इकडे ठीक आहे. बटाटे काढून झाले. तुम्ही पाठवलेला चहा आईंनी पेटीत कुलपात ठेवलाय. मला म्हणतात, मेदेरचा चहा पाहुण्यांसाठी, तू आपला कालचाच उकळ.

गवत आणायला, हे गेल्यावर दोन वर्षांनी, मी त्यांचा ट्रक बाहेर काढला. आईंना आवडलं नाही, पण पाठीवर किती वाहणार? तर हा ट्रक पाणी पितो. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरावा, तर कुरणावर जाऊन येईपर्यंत दोन किटल्या गायब. खाली थेंब नाही. इंजिन बंद केलं की आत कुणी घशाखाली पाणी उतरवावं तसा गट-गट आवाज येतो. आई ट्रकच्या पायरीवर बसून ऐकतात. म्हणतात, लेक तहानलेला आहे. आता रोज दुपारी चाकाजवळ पाण्याची वाटी ठेवतात.

माझा प्रश्न तुम्हाला ठाऊकच आहे. हिमवादळात शहाणा माणूस गाडी सोडत नाही. मग तुमचा भाऊ खिंडीत केबिन सोडून का उतरला? सीटखाली व्होडकाची बाटली निघाली आणि गावाने ठरवून टाकलं. ती काचेवरचा बर्फ पुसायला होती हे सांगून माझी जीभ झिजली. बायका मान हलवतात आणि माझ्या हातावर हात ठेवतात. तो हात मला नको असतो.

ट्रकचं काय करू ते कळवा. या घरावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
साल्किन


ओश, ११ सप्टेंबर

चि. साल्किन हिस,
अ. आ.

तू सून होऊन आलीस तेव्हा तुला चहाचा समोवर पेटवता येत नव्हता आणि पहिल्याच आठवड्यात ट्रॅक्टर कालव्यात घातलास. आता इंजिन उघडायला निघालीस! तुरार असता तर पोट धरून हसला असता.

आईला सांग, तो गट-गट हवेचा आवाज आहे. पाणी कमी झालं की नळ्यांत हवा शिरते. बाहेर गळत नाही म्हणजे आत गळतंय. रात्रभर गाडीखाली पांढरी चादर अंथर, म्हणजे खात्री होईल. ऑइलची पट्टी बघ. ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल तर पाणी त्यात जातंय. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढ, मग चालू कर आणि बुडबुडे येतात का पाहा. शेवटी चारही प्लग काढून ओळीने मांड, ज्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय त्याचा वेगळा दिसेल.

तुरारचं मात्र उकरू नकोस. माणूस होता, थंडीत एखादा घोट घेतला असेल. त्याने तो वाईट ठरत नाही.

आईच्या गुडघ्यांना मेंढीची चरबी चोळत जा. तुम्हा दोघींची आठवण येत नाही असा दिवस नाही.
मेदेर


चोंग-बुलाक, १९ सप्टेंबर

ती. थोरले भाऊजी यांस,
साल्किनचा सलाम. वि. वि.

चादर कोरडी. ऑइल स्वच्छ. झाकण काढून इंजिन चालू केलं तर रेडिएटरमध्ये सूप उकळावं तसे बुडबुडे, आणि मागे भर उन्हात पांढरी वाफ. आई ती वाफ हाताने चेहऱ्यावर ओढून घेत होत्या. मी त्यांना अडवलं नाही.

प्लग मांडले. तीन काळे, काजळी धरलेले. पुढून तिसरा मात्र धुऊन ठेवल्यासारखा पांढरा. आपण माणसाला शेवटची आंघोळ घालतो ना, तसा. बराच वेळ तो हातात धरून बसले.

आणि मग भाऊजी, मला एक सुचलं. वादळानंतर त्यांना खिंडीत शोधायला गेलेल्या माणसांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, रेडिएटर कोरडा होता. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही, कारण थंडीत गाडी उभी केली की पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून आपण सगळेच नळ उघडून ते सोडून देतो. दुसरी, गाडी ठणठणीत होती, खाली एक थेंबाचाही डाग नव्हता. वरून गरम पाणी ओतून त्यांनी ती खाली आणली. पण तुमच्या भावाने पाणी सोडलं असतं तर गाडीखाली बर्फाची लादी नसती का झाली? रेडिएटरही कोरडा, जमीनही कोरडी. दोन वर्षं ही दोन्ही वाक्यं माझ्या कानात आहेत, पण ती शेजारी-शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

पाणी ओतायला बादली हवी म्हणून मी ट्रकच्या मागच्या फळीखाली हात घातला, त्यांची बादली तिथे टांगलेली असायची. आकडा रिकामा आहे. ती बादली कुणी आणली नाही. आणि तुमचा भाऊ सापडला तो ओढ्यापाशी.

पुढचं सांगा. इंजिनचं वरचं झाकण, ते हेड, कसं उघडायचं? तुमच्या दोन ओळींची वाट बघते आहे.
साल्किन


ओश, २५ सप्टेंबर

चि. साल्किन हिस,
अ. आ.

घाईत लिहितोय. हेड उघडू नकोस, ते बायकांचं काम नाही. ट्रक विकून टाक. गिऱ्हाईक मी पाठवतो. तोवर रेडिएटरमध्ये मूठभर मोहरीची पूड टाक, फट बुजून काही दिवस निभेल. आईला जप.
मेदेर


चोंग-बुलाक, ४ ऑक्टोबर

ती. थोरले भाऊजी यांस,
साल्किनचा सलाम. वि. वि.

मोहरीची पूड मी आईंच्या गुडघ्यांना लावली. हेड मीच उघडलं. नट मोजून डब्यात ठेवले. हेड उचलायला शेजारचा बेकतुर आला होता, तो म्हणाला, वहिनी, हे नवऱ्यापेक्षा जड आहे. मी त्याला परत पाठवलं आणि पुढचं एकटीने केलं.

हेडखालची, पाणी अडवून धरणारी गॅस्केट तिसऱ्या सिलिंडरपाशी जळली आहे. करंगळीएवढी वाट आहे, तिथून पाणी आत जाऊन वाफ होऊन जात होतं. बाहेरून कुणाला दिसणार नव्हतंच.

गॅस्केटवर चंदेरी रंग आहे. त्याखाली जुनी काजळी आणि जुना जळका डाग, म्हणजे ती तेव्हाच एकदा वापरलेली होती. हा रंग मला ओळखीचा आहे. ते जायच्या आधीच्या शरदात तुम्ही इंजिन बांधलंत, त्याच आठवड्यात बाबांच्या कबरीचं कुंपण रंगवलंत. डबा अजून गोठ्यात आहे.

 त्यांच्या चाळिसाव्या दिवसाला तुम्ही आला नाहीत, वर्षाच्या जेवणालाही आला नाहीत. आई म्हणाल्या, मेदेरला शोक सोसत नाही.

पत्र लिहा एवढंच मागते.
साल्किन


ओश, १० ऑक्टोबर

चि. साल्किन हिस,
आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही.

नवी गॅस्केट सगळ्या बाजारात मिळत नव्हती. जुन्या गॅस्केटला चंदेरी रंग देऊन बसवतात, मी किती जणांची तशी बसवली असेल. पण त्यांना तसं सांगायचो. तुरारला म्हणालो, नवीन आहे, लेका, बिनघोर खिंड चढ. थोरला भाऊ आणि रिकाम्या हाताचा, हे मला त्याच्यासमोर कबूल करवलं नाही. तो म्हणाला, दादा, तुझ्या हाताखालून गेलं म्हणजे झालं.

साल्किन, बाटली सापडली हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. हे वाक्य दोन वर्षं मी माझ्याजवळसुद्धा उच्चारलं नव्हतं. तुझं तिसऱ्या प्लगचं पत्र वाचून दुकान बंद केलं आणि पायरीवर बसून राहिलो.

ट्रकवाल्याबरोबर नवी गॅस्केट पाठवतोय. खरोखर नवी, वेष्टनातली. नट मधून सुरू करून कडेकडे आवळत ये, एका दमात नाही, तीन फेऱ्यांत.

मला पत्र पाठवू नकोस असं वाटलं तर पाठवू नकोस.
मेदेर


चोंग-बुलाक, १८ ऑक्टोबर

ती. थोरले भाऊजी यांस,
साल्किनचा सलाम. वि. वि.

गॅस्केट पोचली. मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत आवळली. कुरणापर्यंत दोनदा जाऊन आले, पाण्याची पातळी बोटभरही उतरली नाही. मागची वाफ थांबली.

शुक्रवारी त्यांच्यासाठी तेल तापवलं, सात पोळ्या तळल्या. तळणीचा वास गेलेल्यांना पोचतो म्हणतात, त्यांच्यापर्यंत पोचला असेल. गावातल्या बायका आल्या होत्या. मी कोरड्या रेडिएटरचं आणि कोरड्या जमिनीचं सांगितलं, पांढरा प्लग ताटलीत फिरवला. कुणी माझ्या हातावर हात ठेवला नाही. मग आई गुडघे धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझा तुरार पाण्याला गेला होता. एवढंच म्हणाल्या आणि पोळ्या वाटायला लागल्या.

चंदेरी रंगाचं मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तुमच्या तोंडून त्यांनी ऐकायचं आहे. मी क्षमा केली असंही लिहीत नाही. ते मला अजून ठाऊक नाही. पण इंजिन तापून गार झालं की नट पुन्हा एकदा आवळावे लागतात, हे तुम्हीच तुमच्या भावाला शिकवलं होतं. ती फेरी मी केलेली नाही. पाना सीटवर ठेवला आहे. आकड्याला नवी बादली लावली आहे. बर्फाने खिंड बंद होण्याआधी या.

एक राहिलं. इंजिन बंद केलं की आता काही ऐकू येत नाही. आई तरी रोज दुपारी पायरीवर येऊन बसतात, केबिनच्या दाराला कान लावतात, आणि वाटी भरलेली तशीच उचलून आत नेतात. काल मला विचारलं, तहान भागली का ग त्याची? मी हो म्हणाले. त्या आत गेल्यावर मीही कान लावून पाहिला.

अंथरूण घालून ठेवते आहे.
तुमची,
साल्किन