दारावरचा लाल कागद

चि. धाकटीस सप्रेम आशीर्वाद,

या पत्रात मला एवढेच सिद्ध करायचे आहे की, आजार सांगायची लोकांना भीती वाटू लागली, तर साथ कोणत्याही उपायाने आटोक्यात येत नाही.

पुरावा माझ्याच कचेरीतला आहे. गावात तापाची साथ आल्यावर रुग्णाच्या दारावर लाल कागद चिकटवावा, हा नियम माझा. आठवड्याभरात रुग्णांच्या नोंदी निम्म्यावर आल्या आणि मी समाधान मानले. काल आमच्या झाडलोट करणाऱ्या बाई तापाने फणफणून जिन्यातच बसल्या होत्या.

"चार दिवस लपवलंत कशाला?" मी विचारले.

"साहेब, तुमचा कागद लागला की दूधवालाही दाराशी थांबत नाही. तापापेक्षा तुमचीच धास्ती जास्त!"

म्हणजे घटले होते ते रुग्ण नव्हे, सांगणारे. आज सगळे कागद काढायला लावले.

मी ठीक आहे. फक्त फार थकलो आहे. तुझ्या यजमानांनी फोनवर तुझ्या खोकल्याचे सांगितले, आणि वर म्हणाले, "मी बोललो म्हणू नका, दादा ओरडेल म्हणते ती." तुझ्या तिन्ही पत्रांत त्याचा उल्लेख नाही. किती दिवस झाले? ताप आहे का? मी ओरडणार नाही, खरे ते लिही.

लोकांना काय आणि तुला काय, मी आधी धाक घातला आणि मग विचारपूस केली. ही चूक माझी, हे सहीनिशी कबूल करतो.

तुझा दादा