समुद्रकोळ्याचे छाटलेले पाय

सर, तुमची बरणी सापडली. स्टोअररूम रिकामी करताना कपाटामागे होती, स्पिरिट अर्धं उडालेलं, आणि वर माझ्या अक्षरातली चिठ्ठी: समुद्रकोळी, दक्षिण महासागर, पाय आठ. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी ती वाचून डोकं फिरलंच.

तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं अंटार्क्टिकाच्या बोटीवरून ती आणली होती. नागपूरचा मे महिना, आणि तुम्ही बरणी कूलरसमोर ठेवलीत, का, तर थंड पाण्यातला प्राणी! मेलेला प्राणी, सर. त्यावरही कुणी हसलं नाही, तुमच्या सफारी सूटचा दराराच तेवढा. मी तो ट्रेमध्ये काढते, पाय मोजते, पुन्हा मोजते. दहा. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही ट्रेकडे न बघता माझ्याकडे बघितलंत. "कोळ्याले कधी दहा पाय राहतेत का वं? तुले मोजता येत नाही?" सगळा वर्ग हसला. मग तुम्ही स्वतः मोजलेत, आणि दहाच भरले. अशा वेळी माणूस पुस्तक उघडतो, कुणाला तरी विचारतो. तुम्ही कात्री मागितलीत. मागची जोडी दुसऱ्याची चिकटली आहे म्हणालात आणि छाटून टाकलीत.

मुळात तो कोळी नव्हेच, त्याचा गटच निराळा. आणि दहा पायांच्या जाती बहुतेक त्याच गोठवणाऱ्या दक्षिणी पाण्यात सापडतात, एखादीला तर बारा पाय असतात. हे मी आता सेकंड इयरच्या मुलांना शिकवते आणि तीही माना डोलावतात. तुमच्या हातात तो आयता आला होता, पण तुम्हाला पडली होती तुमच्या अब्रूची. असल्या माणसाला आम्ही वाकून नमस्कार करायचो, याची आता किळस येते.

कोणती जात कुठे सापडते याची यादी करणाऱ्यांनी आपल्या बरणीची नोंद मागितली आहे. मायक्रोस्कोपखाली दोन्ही खुंट स्वच्छ दिसतात. शेऱ्यात मी लिहिलं, पाय मुळात दहा, तत्कालीन विभागप्रमुखांनी अज्ञानापोटी दोन कापले. अज्ञान हा शब्द तर दोनदा गिरवला.

पण त्या दिवशी कात्रीखाली तो ट्रेमध्ये घसरत होता, सर. तुम्ही "धर" म्हणालात, आणि ते दोन पाय चिमट्यानं ताणून मी धरले होते. मोजलेले दहा मला पक्के ठाऊक होते. शेऱ्यात हे अजून लिहिलेलं नाही.