बाबांची होडी नक्की कोणती?

कांथो, नदीवर, अननसवाल्यांच्या ओळीत शेवटून तिसरी होडी.
रविवार, दिवे लागायची वेळ.

तीर्थरूप होआताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे लापचा, गुडघा परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. आम्ही पाण्यावर ठीक आहोत, तू डोंगरावर ठीक असशील असं धरून चालतो. दा लातला आता थंडी पडली असेल. कानाला फडकं बांधत जा आणि दम्याचं औषध वेळेवर घे, सुनेने आठवण करायची वाट पाहत बसू नकोस. तू पाठवलेले कोबीचे गड्डे पोहोचले. त्यातला एक मी वारा लागावा म्हणून पुढच्या बांबूला टांगला, तर सकाळी आठच्या आत चार होड्या घाऊक कोबी घ्यायला आल्या, आणि माझ्याकडे तीनच गड्डे आहेत म्हटल्यावर शिव्या देऊन गेल्या. (त्यातली एक शिवी मी बाबांच्या तोंडून ऐकली होती, त्यानंतर थेट त्या दिवशीच. बरं वाटलं.)

आता मुद्द्याला येतो. मुद्दा नेमका काय आहे ते मलाही धड कळलेलं नाही, म्हणून घडलं तसं लिहितो. तू थोरली आहेस, त्यातून काय ते तूच निवडून घे.

आमची लेक थाओ सहलीच्या कचेरीत कामाला आहे हे तुला ठाऊक आहेच. आजच्या सहलीतल्या तीन जागा आयत्या वेळी रिकाम्या राहिल्या. सकाळी नदीवरचा बाजार, दुपारी जंगलातला लढाईच्या वेळचा तळ, संध्याकाळी परत, जेवण त्यातच. मी म्हटलं, पोरी, नदीवरचा बाजार मला कशाला दाखवतेस, मी त्यातच रोज दाढी करतो! पण न्हुंगने हट्ट धरला. ताई, चौतीस वर्षांच्या संसारात ही बाई दोनदा हट्टाला पेटली आहे, आणि पहिल्या वेळी आपल्याकडे शिवणयंत्र आलं. ती म्हणाली, जन्मात एकदा तरी दुसऱ्या कोणी चालवलेल्या होडीत नुसतं बसायचंय.

तेव्हा पहाटे उठून आम्ही छोट्या होडीतून धक्क्यावर गेलो. (निघताना न्हुंग छत्री विसरली म्हणून परत आत गेली आणि चांगली दहा मिनिटं आली नाही. आली ती छत्रीशिवाय. सहलीचा दिवस, म्हणून मी सरळ वल्हं उचललं.) धक्क्यावर तासभर थांबलो. मग सहलीच्या होडीत बसलो आणि ती होडी आम्हाला जिथून निघालो होतो तिथेच घेऊन आली. बरोबर हनोईहून आलेले बँकेतले निवृत्त कारकून पंधराएक. सगळ्यांना भगवी तरंगती जाकिटं घालायला लावली. मी त्या लिन्हला, म्हणजे माहिती सांगणाऱ्या मुलीला, म्हटलं की मला चालायच्या आधी पोहायला येत होतं. ती म्हणाली, काका, नियम आहे. मग काय, घातलं. भोपळेवाल्यांच्या ओळीतून जाताना आपली शेजारीण ताम कमरेवर हात ठेवून ओरडली, "अगं बाई, लाप! परदेशातून कधी आलात? उतरताय, की नुसता फोटो काढू?" सगळा बाजार हसला. न्हुंगसुद्धा हसली, तेही तोंडावर हात न ठेवता.

लिन्ह आपली कर्ण्यातून सांगत होती की इथे ओरडून विकत नाहीत, जो माल असेल तो बांबूला टांगतात. अननस टांगला की अननस, रताळं टांगलं की रताळी. कपडे टांगलेले असतात ते मात्र विकायचे नसतात. (हनोईच्या एका काकूंनी तरी एका लेंग्याचा भाव विचारलाच.) "आणि एक गंमत बघा," ती म्हणाली, "बांबूला झावळी बांधली असेल तर समजायचं, होडीच विकायची आहे. तुमचं नशीब थोर, हल्ली हे क्वचित दिसतं. ती बघा, शेवटून तिसरी!"

ताई, मी शेवटून मोजलं. मग पुढून मोजलं. बांबू आपला, त्यावरचे अननस आपले, होडीच्या नाकावरचे लाल डोळे आपले, त्यातला डावा थोडा तिरळा (रंगवताना मला शिंक आली होती). आणि अननसांच्या वर, चांगल्या दुहेरी गाठीने बांधलेली, हातभर लांबीची झावळी. एक माणूस त्याच्या होडीतून वाकून आपल्या होडीच्या बाजूवर बोटाने टकटक करत होता. "मालक थकला असेल बिचारा," लिन्ह म्हणाली. मी उभा राहून ओरडलो की मालक मी आहे आणि मी मुळीच थकलेलो नाही! त्यावर बँकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, सहलीत हेही धरलेलं आहे.

मला उतरवा म्हटलं तर उतरवेनात. थांबायची जागा शेवयांच्या होडीपाशी, वेळापत्रकात तसं लिहिलंय. मी शेवया खाल्ल्या, त्या कशा होत्या विचारू नकोस. न्हुंगला विचारलं, हे कोणी केलं असेल? ती म्हणाली, वाऱ्याने. मी म्हटलं, वारा दुहेरी गाठ मारतो? ती म्हणाली, "वाऱ्याचं हल्ली काही सांगता येत नाही. तुम्ही खा." थाओ तेवढ्यात नदीकडे बघायला लागली, जशी काही तिने कधी नदी बघितलीच नव्हती. मी तामवर संशय घेतला. मग कोबीवाल्यांवर. मग तो टकटक करणारा माणूस, त्यानेच आदल्या रात्री येऊन बांधली असेल. पण कोणाचंच कारण जुळेना, आणि तेवढ्यात आम्हाला बसमध्ये कोंबलं.

तुला ठाऊक आहे, मी होडी विकणार नाही हे सगळ्या नदीला ठाऊक आहे. न्हुंग दहा वर्षं म्हणते, थाओच्या घरामागची खोली रिकामी आहे, जमिनीवर जाऊ. (गेल्या महिन्यात ती पहाटे कडेवरून पाय घसरून पाण्यात पडली. तसं विशेष काही नाही, तामने केसांना धरून ओढली. मी झोपलो होतो.) पण मी दर वेळी एकच सांगतो आणि ते कोणालाही खोडता येत नाही: ज्या होडीतून बाबांनी लढाईत जंगलातल्या माणसांना तांदूळ पोहोचवला ती होडी विकणारा मुलगा अजून जन्मायचाय. हे मी चहा पिणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. बँकवाल्यांनाही बसमध्ये दोनदा सांगितलं.

तळावर पोचल्यावर आणखी घोळ. तिथे हौस असेल त्याला काळे कपडे आणि चौकडीचा गमछा देतात, म्हणजे फोटोत लढवय्या दिसता. न्हुंग म्हणाली, घाला हो, एकदा. घातले. मग पांढऱ्या सालीच्या कायापुटीच्या झाडांमधून, पायाखाली डुगडुगणाऱ्या फळ्यांवरून भुयारं दाखवली, स्वयंपाकाचा धूर लपवायची चूल दाखवली. मला काही दिसत नव्हतं. डोळ्यांसमोर ती झावळी. मध्येच एका बँकवाल्याने मला तिथला नोकर समजून मोरी कुठे आहे विचारलं, मी त्याला भुयार दाखवलं.

शेवटी एक पत्र्याची पडवी आली. त्यात चार लाकडी ठोकळ्यांवर एक होडी. पाटीवर लिहिलंय: ले वान बोन यांची होडी. हिच्यातून तांदूळ आणि औषधं येत. देणगी: त्यांची मुलगी ले थी होआ.

बाबांचं नाव, तुझं नाव, मी पाटी तीन वेळा वाचली. लिन्हला सांगितलं, बाई, चूक आहे. ही होडी माझ्याकडे आहे, काल रात्री मी तिच्यात झोपलो. ती म्हणाली, काका, ही इथे पस्तीस-चाळीस वर्षं आहे, कागद आहेत. मी म्हटलं, कागद कोणीही करतो, आमच्या होडीला डोळे आहेत! ती म्हणाली, हिलाही आहेत. होते. शिवाय मी नीट बघितलं तर आपली होडी हिच्यापेक्षा चांगली दोन हात लांब. माणूस म्हातारपणी आखडतो हे माहीत होतं, होडी वाढते हे नव्हतं.

मग मी दोरी ओलांडून आत चढलो. (नियमात बसत नाही.) तिसऱ्या फासळीपाशी हात फिरवला. सहा वर्षांचा असताना मी तिथे दिवा लवंडला होता आणि बाबांनी मला धुतला होता, आठवतं? तो काळा डाग तिथे आहे. माझ्या अंगठ्याएवढा. आपल्या होडीत तो डाग नाही, मी समजत होतो की दुरुस्तीत घासला गेला. मी सैन्यातली दोन वर्षं संपवून कंबोडियाच्या सीमेवरून परत आलो तेव्हा बाबा धक्क्यावर उभे होते, मागे नव्या रंगाची होडी. म्हणाले, तळ बदलला, फळ्या बदलल्या, छप्पर बदललं, बाकी होडी तीच. मी म्हटलं, छान. आता विचार करतो तर बाकी राहिलं काय होतं? बाबाच तेवढे जुने होते. तुम्ही दोघांनी मला फसवलंत की माझ्यावर माया केलीत हे मला अजून ठरवता येत नाहीये.

मी तिथेच पुढच्या भागात आडवा झालो, तांदळाच्या गोणींवर झावळ्यांखाली तू मला निजवायचीस तसा. गुडघे हनुवटीला लागले तेव्हा मावलो. तू चौदा वर्षांची होतीस. गस्तीची होडी आली की म्हणायचीस, लाप, शिंकू नकोस, आणि त्यांना सांगायचीस की भावाला देवी आल्यात, जवळ येऊ नका. मला खरंच वाटायचं की मला देवी आल्यात. ताई, तुझे हात तेव्हा केवढे होते गं? बाबा पुढे नुसते बसायचे, त्यांचा खांदा तुटलेला होता, वल्हवायचीस तू. सगळी रात्र. आणि हे त्या पाटीवर कुठेही नाही. मला रडू आलं, ते लपवून काय करायचं? बँकवाले रांगेने फोटो काढत होते. एक म्हणाला, पुतळा किती हुबेहूब केलाय. न्हुंगने त्याला हाकललं, दोरीखालून आत आली आणि माझ्याजवळ त्या होडीच्या कडेला बसली. मग मी उठलो आणि लिन्हशी कडाडून भांडलो की पाटी बदला, वल्हवणारीचं नाव लिहा. तिने वहीत टिपून घेतलंय. तुला पत्र आलं तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस.

संध्याकाळी परत आलो. झावळी होती तिथेच आहे. तो टकटक करणारा माणूस दोनदा येऊन गेला, ताम सांगत होती, उद्या बायकोला घेऊन येतोय. मी तिला ठणकावून सांगितलं की ही होडी विकायची नाही. ती म्हणाली, का? आणि ताई, मी बाबांच्या तांदळाचं सांगायला तोंड उघडलं, आणि तिला भोपळ्याचा भाव विचारला. झावळी उद्या उजाडताच काढून टाकणार आहे. आत्ता गुडघा वर जाऊ देत नाही.

सुनेला आशीर्वाद, नातवंडांच्या गालाला माझ्याकडून चिमटा, आणि तुझ्या पायांना या भांडखोर भावाचा पुन्हा नमस्कार. होडी कोणती खरी ते सविस्तर कळव.

तुझा,
लाप

ता. क. — होडीचं राहू दे, कळवू नकोस. ते मला कळलं.

ता. क. दुसरा — एक छोटं काम आहे. तू मला एक रागाचं पत्र लिही. त्यात असं लिही की, लाप, थोरली बहीण म्हणून हुकूम करते, मुकाट्याने होडी वीक आणि बायकोला घेऊन जमिनीवर जा, नाहीतर माझं तोंड बघू नकोस. थोरलीचा शब्द मोडता येत नाही हे इथे सगळ्यांना मान्य आहे. मी थोडे दिवस चिडल्यासारखं करीन. अक्षर मोठं काढ, तामला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. आणि पत्रावर तारीख मागच्या महिन्याची टाक, म्हणजे झावळी तुझ्या हुकमानंतरची वाटेल. न्हुंगला यातलं काही माहीत नाही, तिला कळता कामा नये.

ती. वन्संना न्हुंगचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून दोन ओळी. रागाचं पत्र जरूर लिहा, थोडं माझ्यावरही रागवा, म्हणजे यांना बरं वाटेल. झावळी मीच बांधली होती. एकच बांधली होती. आज सकाळी उठून बघते तर बांबूला दोन आहेत, आणि हे गुडघ्याला तेल चोळत बसलेत. ताम मघापासून विचारतेय, दोन झावळ्यांचा अर्थ काय? मी तिला म्हटलं, वारा. यांना मी काही विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.