पहिलं चार्जिंग

सुरत
ता. १६ सप्टेंबर १९८४

प्रिय टेकचंदभाऊ,

पुन्हा तेच! तीन वर्षांत तुझी सहा पत्रं आली अन् सहाही पत्रांत एक ओळ ठरलेली, की खुशाल, तुले धीर नाही. रायपूरले ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा तेच, नागपूरले लाकडाच्या वखारीत होतो तेव्हाही तेच. आता एका जागी सव्वा वर्ष टिकलो, तर लिहितोस, पाहू किती दिवस. बाबा गेले तेव्हापासून तूच मले वाढवलं, बोलायचा तुझा हक्क आहे, नाही म्हणत नाही. पण दरवेळी तेच काहून? आंबागडच्या शेतात चिखलणी चालली की तू सगळ्या बायांसमोर ओरडायचा, "खुशालनं बांधी चिखलली म्हणजे तीन कोपरे कोरडे!" बाया खुदुखुदु हसायच्या. तेव्हाही चिडायचो, अन् आताही हे पत्र चिडूनच लिहायले घेतलं. दोनदा लिहून फाडलं. हे तिसरं.

मी इथं नेमकं काय काम करतो ते तुले कधी सांगितलं नाही. 'गाड्यांच्या दुकानात आहे' एवढंच लिहिलं. मी बॅटरीच्या दुकानात आहे, भाऊ. इब्राहीम उस्ताद म्हणून साठीचा माणूस आहे, त्याचं दुकान. स्कूटर, फटफट्या, रिक्षा, सगळ्यांच्या बॅटऱ्या येतात. ॲसिडच्या थेंबांनी माझ्या एकाही सदऱ्याले नवं भोक पडायले जागा उरली नाही, उस्ताद म्हणते, "बेटा, ये कुर्ता है या चलनी?" बोटांची सालं निघतात, आंबट वास अंगातून जात नाही. या शहरात कामं पुष्कळ होती, सोपीही होती. मी हेच काहून धरलं, ते सांगायलेच बसलो आहे, पण आधी कामाचं लिहून घेतो.

सत्यवती वहिनीले सातवा लागला हे वाचलं. तू लिहिलं, यावेळी फटफटी पुसून अंगणात तयार ठेवली आहे. पुसल्यानं काही होत नाही, भाऊ. बाजूचं झाकण काढ, बॅटरीले तीन बुचं आहेत, ती उघडून पाहा. पाणी दोन रेघांच्या मधात पाहिजे. कमी असलं तर फक्त डिस्टिल वॉटर टाक. विहिरीचं नको, तळ्याचं नको, अन् आई देवाजवळचा गंगेचा गडू घेऊन येईल, ती श्रद्धेनं देईल, पण तेही नको. वरून ॲसिड तर कधीच टाकायचं नाही. तारा जिथं जोडल्या तिथं पांढरं-हिरवं काही फुलून आलं असेल, ते गरम पाण्यानं धू, कोरडं कर, व्हॅसलीन लाव. खाली लोंबते ती बॅटरीची हवा जायची रबरी नळी दबू देऊ नको. एवढं सगळं केलं तरी ती बॅटरी आता तीन वर्षांची झाली. ती तुले ऐन वेळी दगा देईल. वहिनीचे दिवस भरायची वाट पाहू नको, नवीन बसव.

अन् नवीन बॅटरी म्हणजे दुकानातून उचलली अन् गाडीत ठेवली, असं नसते. ती कोरडी येते. तिच्यात ॲसिड भरायचं, थंड होऊ द्यायचं, मग अगदी मंद धारेनं चार्जिंगले लावायचं. आमच्याकडं छत्तीस तास. मधात कोणी गिऱ्हाईक कितीही घाई करो, उस्ताद हात लावू देत नाही. पहिलं चार्जिंग अर्धवट राहिलं की ती बॅटरी चार दिवस चांगली चालते, दिवा लागतो, हॉर्न वाजते, कोणाले काही कळत नाही. मग थंडी पडली की एका सकाळी गप्प होते. नंतर कितीही चार्ज करा, ती भरत नाही.

हे मले उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं. मी कामासाठी गेलो नव्हतोच त्याच्याकडं. रस्त्यानं चाललो होतो, बॅटऱ्यांची रांग पाहिली अन् आत शिरून विचारलं, नवी बॅटरी दोन महिन्यांत आपोआप मरते का? मले वाटलं, तो म्हणेल, हो, मरते, माल खराब असला की मरते. त्यानं चष्म्यावरून पाहिलं अन् विचारलं, "पहला चार्ज पूरा किया था?" मी तसाच दुकानाबाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी जाऊन काम मागितलं.

तुले तो दसरा आठवते का? तू धानाच्या कामासाठी डेपोच्या बाबूकडून जुनी फटफटी घेतली, तिची बॅटरी गेली होती. दसऱ्याच्या दिवशी गाडीची पूजा तर व्हायलाच पाहिजे, म्हणून तू आदल्या दिवशी मले पैसे देऊन तुमसरले गोमाजीच्या दुकानात पाठवलं. निघताना तू काय म्हणाला? "गोमाजी म्हणेल तितका वेळ ठेव. पूजा नाही झाली तरी चालेल." मी बॅटरी घेऊन संध्याकाळी हजर झालो. तू विचारलं, पुरी चार्ज झाली का. मी म्हटलं, पुरी झाली. दुसऱ्या दिवशी आईनं हँडलले झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, अन् मी सोनं वाटायले पाच गावं फिरून आलो.

मग धान कापणीचे दिवस आले. वहिनीले आठवाच होता, दुपारी कळा सुरू झाल्या. बॅटरी गप्प, तिच्याशिवाय त्या गाडीत ठिणगी पडत नाही; तू किक मारत होता, मी किल्ल्याच्या उतारावरून गाडी ढकलत होतो, आई ओसरीतून ओरडत होती, "अरे, बंडी जुंपा रे कोणी!" अन् बैल तिकडं शेतात. अर्ध्या तासाचा तुमसरचा रस्ता, बंडीनं दिवस मावळला. पोरगा झाला, पण रडला नाही. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाली, की थोडं आधी आणलं असतं तर. वहिनीनं बंडीतला पेंडा मुठीत धरला होता, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी तू मले घेऊन गोमाजीच्या दुकानात गेला. भर बाजारात तू त्याची कॉलर धरली. तो म्हणाला, "टेकचंदभाऊ, तुमच्या भावाले विचारा. मी याले दोन दिवस थांब म्हटलं, पावतीवर लिहून देल्लं." तू माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, हा म्हातारा खोटं बोलते, पावती देल्लीच नाही. गोमाजीनं माझ्याकडं किती वेळ पाहिलं, ते माझं मले माहीत. मग फळीवरची, तयार करून ठेवलेली बॅटरी काढून तुझ्यासमोर ठेवली अन् म्हणाला, "पोर गेलेल्या घराशी मी हुज्जत नाही घालत." तू ती घेतली. आजही तीच तुझ्या गाडीत आहे. पंधरा दिवसांनी मी घर सोडलं अन् तुले वाटलं, खुशालले गावात करमत नाही.

पावती होती, भाऊ. मी गोमाजीच्या दुकानात चार तास बसलो, मग उठून म्हटलं, दे ती बॅटरी, दसरा काय तुझ्यासाठी थांबणार आहे? चार्जिंगचे दहा रुपये होते. मीच वरून टोमणा मारला, "अर्धंच चार्जिंग, तर अर्धेच पैसे." पाचच दिले. त्यानं पावतीवर लिहिलं, 'चार्जिंग अपुरे, गिऱ्हाईकाच्या हट्टावरून.' तो कागद जाळून मी रस्त्यात त्यावर बिडी पेटवली.

तुझ्या मागच्या पत्रात शेवटी दोन ओळी होत्या: 'गोमाजीचं दुकान बसलं, आपल्या भागातला कोणी त्याच्याकडं गेला नाही. आता रेल्वे फाटकाजवळ सायकलीचे पंक्चर काढते, देव पाहते.' त्या ओळींसाठी हे पत्र आहे. हे वहिनीले वाचून दाखव, आईलेही, अन् मग मले घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण आधी गोमाजीकडं जा. दुकान गेलं तरी हात गेले नाहीत. नवी बॅटरी त्याच्याच हातानं भरून घे, छत्तीस तास तिथंच बस. मनीऑर्डर तुझ्या नावानं केली आहे, पैसे त्याचे आहेत, फाटकाजवळ चारचौघांसमोर त्याच्या हातात दे. त्यानं फुकट दिलेल्या बॅटरीचे एकशे पंच्याहत्तर, अन् चार्जिंगचे मी बुडवलेले पाच. एकशे ऐंशी रुपये.

तू म्हणशील तर तुझाच,
खुशाल