रुंद की अरुंद

४ मार्च, सोमवार
आज मला विचारलं! सत्तरी उलटली, तरी तुला काय हवंय म्हणून कुणी विचारलं नव्हतं. नातीची नोकरीच ती — लोकांना काय आवडतं ते काढून घ्यायचं. सध्या घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पलंगांचं काम चाललंय. म्हटलं, मग सरळ विचार की. तर म्हणते, "सरळ विचारलं की लोकांना सगळंच हवं असतं, आजी!" खरंय बाई. सुनेबरोबर चपला घ्यायला गेलं की कळतं. म्हणून बारा कार्डं. प्रत्येकावर दोन पलंग, एकच निवडायचा. कठडे आहेत तर चाकं नाहीत, रुंद आहे तर कठडे नाहीत. मी पटापट बोट ठेवत गेले. परीक्षेत कधी इतकं पटापट आलं नव्हतं!
हे पलीकडे निजून ऐकत होते. अर्धांगवायू झाल्यापासून बोलता येत नाही, पण कान तिखट.

६ मार्च, बुधवार
ह्यांना कुशीवर वळवताना माझी कंबर धरली. लिहायचं उद्या.

९ मार्च, शनिवार
नातीनं आकडे मांडून आणले. "आजी, रुंदीसाठी तू सगळं सोडलंस! कठडे, चाकं, डोकं वर करायची कळ... आजोबा पडतील ना!"
"कडेला मी असते की. पडायचे तर माझ्या अंगावर."
पोरगी हसली. मुलगा नाही हसला. त्याला अरुंद, कठड्यांचा पलंग आणायचाय. "आई, रात्रीत सहा-सहा वेळा उठतेस. तू शेजारच्या खोलीत झोप. आम्ही बघतो त्यांच्याकडे."
एक्कावन्न वर्षं एका पलंगावर काढली, आणि आता शेजारच्या खोलीत? पाहुणी आहे का मी? भांडलेच! सून म्हणाली, "आई, हळू, ते ऐकतायत." ऐकू देत!
शेवटी नात म्हणाली, "बाबा, त्या पलंगावर झोपणार आजोबा. त्यांना विचारलंय कुणी?"
म्हटलं, विचारा खुशाल. ह्यांचं उत्तर मला पाठ आहे.

१० मार्च, रविवार
विचारलं. नात एकेक कार्ड धरत होती, हे चांगल्या हाताचं बोट ठेवत होते. बाराही वेळा अरुंद.
"का हो आजोबा?"
ह्यांनी तेच बोट माझ्या डोळ्याखाली टेकवलं, काळं पडलंय तिथं. मग स्वतःचे डोळे मिटून दाखवले — झोप.